अब्बांच्या खोलीतली भट्टी

फिरोजाबाद,
९ डिसेंबर

इसरार भाईजान,

सलाम. अम्मीचा खोकला आता कमी आहे. भाभींना आणि मुलांना दुवा सांगा. कानपुरातही थंडी पडली असेल. इथे सकाळी धुक्यात समोरचं दार दिसत नाही.

एक बातमी आहे. बांगड्यांची जुडाई, ते दिव्याच्या ज्योतीवर टोकं जोडत बसणं, मी सोडलं. अम्मीचे डोळे त्या ज्योतीसमोर बसूनच गेले, माझेही संध्याकाळी चुरचुरायला लागले होते. आता मी विजेवरची छोटी भट्टी घेतली आहे. रंगीत काचेचे तुकडे एकावर एक रचून आत ठेवले की वितळून एकजीव होतात. त्यांचे झुमके करते, गळ्यातली पदकं करते.

भट्टी निवडायला कनीज खालाला घेऊन दिल्लीला गेले होते. दुकानदार विचारतो, "चालवणार कोण?"

"मी."

"घरात कोणी माणूस नाही?"

खाला म्हणाली, "मग ही काय तुला बकरी दिसते?"

त्यानंतर तो नीट बोलला. एक भट्टी स्वस्त होती, झटपट तापायची, पण निवायचीही झटपट, आणि तशानं काच तडकते. दुसरी एवढी मोठी की आपल्या जिन्यातून वर गेली नसती. मी घेतली ती बिस्किटांच्या डब्याहून जराशी मोठी, वरून झाकणाची, आच हळूहळू उतरवणारी. पहिल्या खेपेला मला धीर निघाला नाही. झाकण लवकर उघडलं आणि सगळे झुमके टचाटच फुटले. दुसऱ्या खेपेचे अम्मीनं बोटांनी चाचपले. म्हणाली, "कडा कुठे गेल्या गं याच्या?" तो जोड तिच्याच कानात आहे.

भट्टी ठेवली कुठे, हे तुम्ही विचारालच. एवढी वीज पेलणारी वायर घरात एकाच खोलीत आहे, अब्बांनी बांगड्यांवर नक्षी कापायच्या चाकासाठी ओढलेली. हो, तीच खोली. अब्बा गेल्यावर तुम्ही लावलेलं कुलूप मी तोडलं. किल्ली पुन्हा मागितली नाही, कारण मागे मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तलाक घेऊन आलीस, आता गुपचूप एका कोपऱ्यात राहा."

शनिवारी शकूर ठेकेदार तुमची दुसरी किल्ली घेऊन दारात उभा. तेव्हा कळलं, खोली तुम्ही त्याला गोदामासाठी देऊन बसलात. अम्मीलासुद्धा विचारलं नाहीत.

"इसरारनं शब्द दिलाय," तो म्हणाला. "सामान काढ."

मी दार सोडलं नाही. म्हटलं, "शब्द त्यांचा, खोली अब्बांची. त्यात माझाही हिस्सा आहे. आत भट्टी तापलीय. उचलायची तर उचला."

अम्मी भिंत धरत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "शकूर, मुलीचं काम चालू आहे. नंतर चहाला ये." तो निघून गेला, चहाला आला नाही.

भाईजान, ईदला या. तुमच्यासाठी शेवया करीन, भाभींना झुमके देईन. खोली मात्र देणार नाही, आणि माफी मागणार नाही.

तुमची बहीण आणि या घरातली वाटेकरी,
निगार