हळदीची धून, घरच्या घरी

६ एप्रिल, रविवार
चाळीस सेकंदांच्या शांततेची खरी किंमत अशी: पातेलंभर दूध (आवाज नको म्हणून फ्रिज सकाळपासून बंद), बायकोची, म्हणजे प्रेमाची, गादी (दाराला उभी लावली), डोळखांबचं एक चांगलं गिऱ्हाईक (मोबाईल बंद). एवढं करून शेवटाला प्रेमाने कुकर लावला. तिला सांगितलं होतं, आज रेकॉर्डिंग आहे. ती म्हणाली, आज भात पण आहे.
घरातूनच दगा.
ठरलंय ते पक्कं. ८ मेला हेतलची हळद. पोरगी पाटावर बसायला येईल तेव्हा डीजे बंद, आणि बापाने स्वतः गिटारवर वाजवलेली धून चालू. तिला शब्द दिलाय. "पप्पा, नक्की ना?" असं दोनदा विचारून घेतलं तिने. गिटार तिचीच, कॉलेजातली, माळ्यावर पडून होती. मला तीन कॉर्ड येतात. धून चार कॉर्डची आहे, पण चौथी एवढी महत्त्वाची नाही.

९ एप्रिल, बुधवार
हरेश आला. खर्डीचा मंडप-साउंडवाला. आम्ही दोघांनी एकाच वर्षी धंदा काढला, मी मोटर रिवाइंडिंगचा, त्याने दोन भोंग्यांवर. हळदीचा मंडप त्याचाच. आज स्वतःचा चांगला माईक घेऊन आला. म्हणाला, "हेतलसाठी माज्याकडून. परत नाय आणायचा."
लॅपटॉपला वायर जोडली, माईकवर निळा दिवा लागला. परीक्षा म्हणून आधी वायर काढून रेकॉर्ड केलं, मग लावून. जमीन-अस्मानाचा फरक! हरेशला ऐकवलं. तो म्हणाला, "मला तर सारखंच वाटतंय रे."
हसलो. भोंग्यांशेजारी उभा राहून राहून गेलेत बिचाऱ्याचे कान. मला डोळखांबहून माणूस फोनवर पंपाची मोटर ऐकवतो आणि कुठली बेअरिंग गेली ते मी शहापुरात बसून सांगतो. माईक लावलाय की नाही, हे मला झोपेतही कळेल.

१३ एप्रिल, रविवार
आवाजात बारीक घूंऽऽ आहे. पाच मिनिटांत पकडली. लॅपटॉपचा पंखा! माईकच्या शेजारीच ठेवला होता. आता लॅपटॉप खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, स्टुलावर. माईक गिटारपासून वीतभर.
संध्याकाळी ऐकलं. घूं तेवढीच. गिटार मात्र लांब गेली. मी तर जागेवरच बसलो होतो.

१६ एप्रिल, सकाळी
लॅपटॉप कपाटात, साड्यांखाली. वायर फटीतून बाहेर. आता जगातला कुठलाही पंखा माझ्या माईकपर्यंत पोचू शकत नाही.

१६ एप्रिल, दुपारी
विहिरीच्या तळाशी कोणीतरी गिटार वाजवतंय आणि काठावर पिठाची गिरणी चालू आहे.
प्रेमा म्हणाली, "अवो, माज्या साड्या गरम का लागतायत?" कलेचं तिला काही नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
निदान झालं. माईक डुप्लिकेट. उघडून बघायची गरज नाही, कान पुरेसा आहे. वीतभरावरचा आवाज सोडून कुठली तरी लांबची घरघर ओढतो, असा माईक कुठलीच कंपनी बनवत नाही.
म्हणजे हरेशने. माझ्याच पोरीच्या हळदीत. सकाळपासून जेवण गेलं नाही.

२० एप्रिल, रविवार
खर्डी स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर हरेशला तोंडावर सांगितलं. चारचौघांत सांगितलं, म्हणजे त्याला सुधारायला वाव. तो म्हणाला, "याच माईकवर पंचक्रोशीतली भजनं केली रे. एकानं तक्रार नाय केली." मी म्हटलं, त्या एकालाही माझे कान नव्हते.
टपरीवाला कपबश्या धुवायचा थांबला.
हरेशने अर्धा चहा खाली ठेवला. "तुज्या कानाला मानलं बाबा. दे इकडं." माईक पिशवीत टाकला. जाता जाता म्हणाला, "मंडपाचं पण दुसरं बघ."
खरं बोलणाऱ्याला कोणी विचारत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
शहापूर, आसनगाव, किन्हवली, सगळीकडे ८ मे बुक. मुरबाडचा मंडपवाला म्हणाला, "शेट, तुमचा तो खर्डीचा हरेश हाय ना?"
हेतलने विचारलं, हरेशकाका रागावलेत का? म्हटलं, बिझी आहे. ती म्हणाली, तिने त्यांना फोन केला होता. ते एवढंच बोलले, "पप्पाला विचार."
पोरीलाही फितवलं.

२७ एप्रिल, रविवार, संध्याकाळी
उद्या भावकीसमोर प्रकरण मांडायचं ठरवलं. पुरावा म्हणून ती विहिरीतली गिटार ऐकवायची. लॅपटॉप कपाटातून काढला, मांडीवर घेतला. घाईत ऐकायच्या बटणाऐवजी लाल बटण दाबलं, ते ध्यानात आलं नाही.
तेवढ्यात प्रेमा समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "त्या माणसाने पोरीसाठी वस्तू दिली नि तुमी टपरीवर त्याची लाज काढली. फोन करा त्याला. नायतर पोरीला उघड्यावर बसवा पाटावर." मी म्हटलं, मला ऐकू येतं, ओरडू नको.
मग लाल बटण दिसलं. बंद करून ऐकलं. प्रेमाचा शब्द न् शब्द स्वच्छ. बांगड्यासुद्धा. विहीर नाही, गिरणी नाही (लॅपटॉप गार, पंखा अजून फिरलाच नव्हता). या घरात झालेलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग. आणि माईक तर आठवडाभर खर्डीत आहे.
सेटिंग उघडून बघितलं. तिथे लॅपटॉपचा स्वतःचा माईक निवडलेला आहे. जुन्या एकेका रेकॉर्डिंगचं तपासलं. सगळीकडे तोच.
हरेशच्या माईकमधून या घरातला एकही सूर गेलेला नाही.