निम्म्या मेमरीतलं स्वयंपाकघर

आदरणीय साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहावं लागतं म्हणून लिहिलं, खरं धरू नका. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला थांबला का? सासरेबुवांची तब्येत उत्तम असणारच, ती कधी बिघडत नाही. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका. खरं तर हे पत्रच त्यांच्या हाती लागू देऊ नका.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दुकानात तुमचा फोन वाजला की सासरेबुवा प्लायवूड मोजता मोजता कान तुमच्याकडे लावतात, आणि घरी तो ताई उचलतात, म्हणजे गोष्ट तिथून थेट माझ्या बायकोकडे. ई-मेल केली असती, पण ई-मेल उघडली की माझं स्वयंपाकघर बंद पडतं. तेच तर सांगायला बसलोय.

झालं असं, की लॅपटॉप बरेच दिवस अपडेट मागत होता आणि मी ‘नंतर’ म्हणत होतो, जसं बायकोला माळा आवरायचं म्हणतो. शेवटी मी जेवायला उठलो असताना त्याने परस्पर उरकून घेतलं. (बायको असं करत नाही. ती निदान आधी भांडते.) परत आलो तर सगळं जागच्या जागी, फक्त रंग जरा फिके. मी हुश्श केलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर उघडलं. ओटा दिसला, ओट्याखालचे ड्रॉवर दिसले, आणि वरची कपाटं यायच्या आतच लॅपटॉपने मान टाकली. माहिती काढून बघतो तर काय, मेमरी सोळा जीबी, आणि त्यातली वापरायला मिळणार निम्मीच! अहो, मग उरलेली कुणाची? आठ खोल्यांचं घर आपल्या नावावर आणि चार खोल्यांना दुसऱ्याचं कुलूप, हा कुठला न्याय?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. त्यात काय आहे ते तुम्हालाच ठाऊक आहे, कारण मी दुकान सोडलं तेव्हा तुम्ही समोर उभे होतात. जन्मभर फळ्या विकत बसणार नाही, लोकांची स्वयंपाकघरं आखून देईन, असं मी सगळ्या घरादारासमोर ठणकावून सांगितलं आणि सासरेबुवा नुसतं ‘बरं’ म्हणाले. चिडले असते तर परवडलं असतं. डॉक्टरीणबाईंचं काम हे माझं स्वतःचं पहिलं काम, आणि दुसरं कुठे दिसतही नाही. हे बिघडलं तर मान खाली घालून मला पुन्हा त्याच दुकानात यावं लागेल. या नुसत्या विचारानेच घास हातात तसाच राहतो, साडूभाऊ, आणि बायको विचारते, जेवण आवडलं नाही का.

मग मी काय काय केलं नाही ते विचारा. आधी रीस्टार्ट केलं. मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाई इतक्या गोड बोलत होत्या की मला दोन वेळा रडू यायचं राहिलं. त्यांनी रीस्टार्ट करायला सांगितलं. केलंय म्हटलं, तर आता त्यांच्या देखत करा म्हणाल्या. केलं. मेमरी निम्मीच. मग त्यांनी मला वरिष्ठांकडे पाठवलं आणि वरिष्ठांनी अतिशय भारदस्त आवाजात रीस्टार्ट करायला सांगितलं.

शेवटी एका व्हिडिओत बघून मी लॅपटॉप उपडा करून उघडला. त्यातले गृहस्थ सांगत होते, मेमरीच्या पट्ट्या काढा, खोडरबराने हलकेच घासा आणि परत बसवा. खोडरबर मुलीच्या दप्तरातून घेतलं, त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. पट्ट्या दोन्ही जागेवर होत्या, घासल्या, बसवल्या. मेमरी निम्मीच, शिवाय आता लॅपटॉप तापला की खोलीभर स्ट्रॉबेरी. एक स्क्रूही उरलाय. तो कुठला, हे मी कुणाला विचारलेलं नाही. दुरुस्तीवाल्याकडे गेलो, तर त्याने लॅपटॉपला हातसुद्धा न लावता डोळे मिटले आणि सांगितलं, नवा घ्या. असं निदान मीही करू शकतो.

पण मी हार खाणाऱ्यातला नाही. (होतो, पण घरादारासमोर बोलून बसलोय.) मी एक युक्ती काढली. सगळं स्वयंपाकघर एकदम मावत नाही ना, मग जे नको ते लपवायचं. आधी फरशी लपवली. मग भिंती. मग खिडकी, दार, दिवे. लॅपटॉप एकदम हलका झाला, कपाटं भराभर येऊ लागली, आणि खरं सांगतो, मला अशी काही तंद्री लागली म्हणता! एका कोपऱ्यात तर एवढी ऐसपैस जागा निघाली की डॉक्टरीणबाईंना हवं होतं ते छताला भिडणारं कपाट तिथे अगदी ठासून बसवलं. ड्रॉइंग पाठवलं, त्या खूश झाल्या, सुतारही कामाला लागला. म्हणजे वेळ मारून नेली. पण पुढचं काम आलं तर रोज काय भिंती लपवत बसू? दुकानातलं बिलाचं मशीन तुम्ही बसवलंत, म्हणून विचारतो, ही मेमरी कुठे अडकली असेल? कुठली सेटिंग बघू? सविस्तर कळवा, चित्र काढून दाखवलंत तर उत्तमच. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा साडू

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. आता सेटिंग शोधू नका. काल आणखी एक अपडेट आलं आणि मेमरी आपली आपण परत आली. कुठे होती, का गेली, एका शब्दाने खुलासा नाही.

ता. क. दुसरा. मेमरी परत आली म्हणून मी आनंदाने सगळं स्वयंपाकघर एकदम उघडलं. फरशी आली, भिंती आल्या, गजांची खिडकी आली, सगळ्यात शेवटी दार आलं. ते छताला भिडणाऱ्या कपाटाच्या बरोब्बर मागे आलं. मी कपाळाला हात लावतोय तोच सुताराचा फोन. त्याने आतून कपाट भिंतीला पक्कं ठोकलं होतं आणि आता तो आत होता. अत्यंत नम्रपणे त्याने विचारलं, “साहेब, मी बाहेर कसं यायचं ते ड्रॉइंगमध्ये दिसत नाहीये.” तुला दिसलं नाही का रे बाबा, असं मी विचारणार होतो, पण ‘कारागिराने आपलं डोकं चालवू नये’ असं त्या ड्रॉइंगवर मीच ठळक अक्षरांत छापलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला फटीतून पाणी दिलं. कपाट फोडून त्याला काढलं. मोडलेल्या फळ्या सासरेबुवांच्याच दुकानातल्या, तेव्हा नव्या मागवायला बाई तिथेच फोन करणार, आणि का मागवतोय तेही सांगणार. माझं काम त्यांनी काढून घेतलंय. ओरडल्या नाहीत. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलल्या.

ता. क. तिसरा. एवढं सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. येत्या सोमवारी मी दुकानात येतोय, पुन्हा कामावर घ्या म्हणायला. सासरेबुवा जे बोलतील ते मी ऐकून घेईन, त्याची तयारी केलीय. पण साडूभाऊ, पाया पडतो, तेवढा एक दिवस तुम्ही रजा घ्या. तुम्ही असलात की चटकन उठाल, मला आपली खुर्ची द्याल, वर सासरेबुवांना म्हणाल, जाऊ द्या हो, होतं असं. ते मात्र मला सोसणार नाही.