रस्त्याकडच्या सहा सऱ्या

८ एप्रिल, सकाळी ७.१०
आमच्याच उसात उकिडवा बसून मातीच्या पिशव्या भरत होतो. रस्त्याकडच्या सहा सऱ्या बिगर औषधाच्या, तुलनेसाठी. बाकी रानाला तणनाशक मीच मारलंय, मापून. कराडजवळच्या कॉलेजातल्या मॅडमचं संशोधन त्यावरच आहे, मी त्यांचा मदतनीस. मातीतल्या जीवाणूंचं काम चालवणारी एन्झाइम तणनाशकाने किती मंदावतात, पुन्हा कधी सावरतात. बाटलीत माती, वर द्रावण, दिवसभर उबेला. माती जिवंत असेल तर लाल रंग चढतो. पहिल्या खेपेला सहा सऱ्यांची बाटली डाळिंबासारखी झाली होती.
आप्पा, माझे वडील, बांधावरून, "जत्रंला पाव्हणं येत्यात. ह्या गवतातनं न्यायाचं व्हय त्यास्नी?"
म्हटलं, आप्पा, खुरपंसुद्धा लावायचं न्हाई, मॅडमनी सांगितलंय.
"तुझी मॅडम ऊस न्हाई, गवत राखती."

१३ एप्रिल
जत्रा. घर भरलेलं. शेत दिलं म्हणून मॅडम त्यांच्या प्रबंधात आप्पांचे आभार मानणार आहेत. आप्पा प्रत्येक पंगतीला सांगत होते, "पुस्तकात नाव छापणार हायत माजं." रस्सा वाढतानाही तेच.

१४ एप्रिल
पाहुणे गेले. रानात गेलो. सहा सऱ्यांतल्या गाजरगवताच्या माना पिळवटलेल्या. गोठ्यामागे फवारणीचा पंप. नळीला अजून वास.
आप्पांनी लपवलं नाही. "जत्रंआधी एक पंप मारला. लोक ईचारत व्हती, आप्पा आजारी हायत का म्हणून. रस्त्याकडचं रान हाय, दिसतंय." मग नळी गुंडाळत, "एका पंपानं काय हुतंय रं?"
मॅडम तेच तर शोधतायत.
उद्या माती न्यायची आहे.

१५ एप्रिल
नेली. चिठ्ठीवर 'बिगर औषध' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

१७ एप्रिल
दोन्ही बाटल्या फिक्या, औषधाची आणि बिगर औषधाचीही. मॅडम खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिल्या. "किशोर, दोन्ही पिशव्या एकाच जागच्या भरल्यास का रे?"
मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचतो. त्यांना माहीत आहे.
म्हटलं, भरल्या असतील.
रागावल्या नाहीत. रागवायला हवं होतं. "माझ्या गाईड सरांना कळलं तर दुसरा मुलगा बघा म्हणतील. परवा बिगर औषधाची पुन्हा आण, नीट. तेव्हाही अशीच आली तर औषधाने फरक पडत नाही, असंच लिहावं लागेल मला."
तसं छापलं तर गावात जो तो दुप्पट मारणार. आणि त्याच पुस्तकात आप्पांचं नाव.
खरं सांगितलं तर मॅडमचा हंगाम फुकट. आप्पांचं तर पुस्तकातलं नावच जाईल.

१९ एप्रिल, कराडच्या एस.टी.त
सकाळी सहा सऱ्यांतली माती भरली. चिठ्ठी खिशातच ठेवली. आप्पा खोरं घेऊन आले. काही न विचारता बांध उकरला. "हितं कवाच औषध पडलं न्हाई. ही घे. ही बी आपलीच हाय." माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीचं तोंड स्वतः बांधलं, दोन गाठी मारून.
म्हणजे एका पंपानं काय झालं ते त्यांना कळलंय.
म्हटलं, आप्पा, नाव काढून टाकायला सांगू का मॅडमना?
"तुला काय सांगायचं ते सांग." खोरं खांद्यावर टाकून गेले.
मांडीवर दोन पिशव्या, एक सऱ्यांची, एक बांधाची. बांधावरच्या मातीला रंग चढेल, मला माहीत आहे. चिठ्ठी एकच आणलीय, अजून कोरी.
मलकापूर आलं, कॉलेजचा थांबा. मॅडम थांब्यावर येऊन उभ्या आहेत. हात वर केलाय त्यांनी.