तुटला तेव्हा आमचा

तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. मामी सांगतात तसा रोज शेक घेता, की घेतो असं नुसतं सांगता, हेही खरं खरं कळवा. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. (सुखरूप म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत. डोकं मात्र पंधरा दिवसांपासून फिरलेलं आहे, आणि तुमच्याशिवाय ते कोणाला कळेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र.)

मी इकडे परदेशात लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागलो त्याला आता तीन वर्षं झाली. निघताना तुम्ही माझ्या पिशवीत सतरा नंबरचा पाना घातला होतात, तुमच्या कारखान्यातला, तुम्ही स्वतः तपासून पास केलेल्या शेवटच्या मालातला. तो मी रोज कामावर नेतो. आता आमचे मुकादम. माणूस कामाला वाघ आहे, मोटारीचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतो, ते नाकारून चालणार नाही. पण एक खोड. आपण माणूस भेटला की त्याचा चेहरा बघतो, हे गृहस्थ वस्तू भेटली की तिचा तळ बघतात. कप असो, खुर्ची असो, आधी उलटी करायची, कुठल्या देशाचा शिक्का आहे ते वाचायचं आणि मग ती चांगली की वाईट ते ठरवायचं. (एकदा भरलेला कप उलटा केला होता. त्या डागाचा दोषही त्यांनी कपाच्या देशालाच दिला.) पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पाना हातात घेतला, त्यावर तुमच्या-माझ्या देशाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "तिकडचं लोखंड म्हणजे बिस्कीट. चहात बुडवायला ठीक आहे." मी नवा होतो, गिळलं. त्यांचा स्वतःचा पाना हत्यारांसाठी जगभर नावाजलेल्या त्या देशाचा, बारा वर्षं वापरातला, लाल फडक्यात गुंडाळलेला. इतक्या मायेनं त्यांनी स्वतःची मुलं गुंडाळली असतील की नाही, शंकाच आहे.

गेल्या महिन्यात आम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. चार मजले, एकच लिफ्ट, आणि तिची मोटार थरथरते म्हणून बंद केलेली. डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी माणसं कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत चढत होती.  वर मोटारीच्या खोलीत जाऊन पाहतो तर बैठकीचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला. मी म्हटलं, तेल सोडू आणि दहा मिनिटं थांबू. मुकादम म्हणाले, या पान्याला तेल लागत नाही. मग पान्याच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी पाइप चढवला आणि स्वतःचं सगळं वजन (जे तुमच्या-माझ्या बेरजेपेक्षा जास्त आहे) त्यावर टाकलं. कडकन आवाज आला, पान्याचा जबडा तुटला आणि मुकादम मागच्या मागे ग्रीसच्या उघड्या डब्यात बसले. मी हसलो नाही. जिना उतरून खाली गेलो, मग हसलो.

परत येऊन बोल्टला तेल सोडलं, दहा मिनिटं थांबलो, तुमचा पाना लावला. दुसऱ्या हिसक्याला बोल्ट सुटला. तासाभरात लिफ्ट चालू झाली. मी फक्त पाना जरा असा धरला की त्यावरची अक्षरं दिसावीत. मुकादम म्हणाले, "तेलानं सुटला." तेही खरंच होतं, म्हणून मी पुन्हा गिळलं.

पण पुढचं कसं गिळू ते सांगा. मुकादमांनी तुटलेला पाना त्या नामांकित कंपनीला पाठवून दिला. उत्तर आलं, ते त्यांनी डबे खाताना सगळ्यांदेखत वाचलं. कंपनीनं लिहिलं होतं की दांड्यावरच्या क्रमांकावरून हा नग आम्ही करारानं बाहेरून करून घेतला होता असं दिसतं, आणि पुढे कोणाचं नाव असेल, तर मामा, आपल्या देशाचं. शिक्का फक्त त्यांचा. मला वाटलं, आता हा माणूस निदान खाली मान घालेल. छे. त्यांचा चेहरा लग्नघरासारखा फुलला. "तरीच," म्हणाले. "मला पहिल्यापासून शंका होती." बारा वर्षं लाल फडक्यात गुंडाळताना ही शंका कुठे गेली होती? म्हणजे बारा वर्षं चालला तेव्हा त्यांचा, आणि तुटला तेव्हा आमचा.

दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीच्या दारावर कागद लागला: त्या देशाची (म्हणजे आपल्या) हत्यारं कामावर आणू नयेत. मला तुमचा पाना जमा करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. मग मी धोक्याचं हत्यार वापरतो अशी लेखी तक्रार आमच्या वरच्या इंजिनिअर बाईंकडे गेली. नोकरीवर बेतेल अशी भीती होती, खोटं कशाला सांगू. पण बाईंसमोर उभा राहिलो आणि तुम्ही डोळ्यांपुढे आलात. एकतीस वर्षं एकेक पाना बारक्या हातोडीनं ठोकून कानाशी धरणारे, आवाज जरा बद्द आला की मालकाच्या तोंडावर तो बाजूला काढणारे. मी बाईंना सांगितलं की वाईट मालाला खुशाल वाईट म्हणा, माझे मामा जन्मभर तेच करत आले, पण ते आधी पाना ठोकून बघायचे आणि मग बोलायचे. भट्टीपाशी देश बसत नाही, माणूस बसतो. आवाज जरा चढला होता माझा.

बाईंनी ऐकून घेतलं आणि मुकादमांना एवढंच विचारलं, "पाना कुठला ते राहू द्या. पाइप का लावला?"  त्याच दुपारी दारावरचा कागद निघाला आणि तिथे दुसरा लागला: पान्याला पाइप लावू नये. तुमचा पाना माझ्याच पिशवीत आहे. न्याय झाला म्हणायचा, पण राग काही उतरत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. तुमच्यापासून काही लपवू नये म्हणून लिहितो, तो पाइप खालून मीच आणून दिला होता.

ता. क. दोन. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुमच्या भाचेसुनेनं नवी इस्त्री आणली आहे. मी सहज उलटी करून पाहिली, तर त्या अमक्या देशाची. (कोणता ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांच्या वस्तू कशा असतात, सगळ्या जगाला ठाऊक आहे.) मी ती परत कर म्हणतो, ती ऐकत नाही. तुमच्या शब्दाला ती मान देते, तरी अशी इस्त्री घरात धोक्याची असते असं दोन ओळीत तिला लिहावं.

ता. क. तीन. आताच तिनं हे सगळं पत्र वाचलं आणि एक अक्षरही न बदलता पाठवा असं बजावलं. शिवाय माझा कामावरचा शर्ट त्याच इस्त्रीनं करून समोर ठेवला आहे. घडी सुरीसारखी पडली आहे, नाव ठेवायला जागा नाही. म्हणूनच मला जास्त संशय येतो.