उसाकडची बाजू

५ नोव्हेंबर
वहिनीच्या शेळ्यांना जाळीचं कुंपण घालायचं ठरलं. पोळ्याच्या सुमारास बिबट्यानं करडू नेलं, तेव्हापासून ठकूवहिनी ओसरीवरच झोपते. दादा चाकणला कंपनीत. म्हणाली, "भावजी, तुमी शिकल्यालं. मापं तेवढी घ्या. कमी पडाय नको." पत्रकाराला मोजमापाची सवय असतेच. उद्या पहाटे टेप घेऊन हजर.

६ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा
दव फार होतं, म्हणून उशीर.
घराकडची बाजू साठ फूट. रस्त्याकडची चाळीस. उरल्या दोन : एक बांधाची, एक उसाला लागून.
ऊस पुरुषभर वाढलाय. आत सळसळ झाली. वारा असावा. वारा नव्हता.
एकदम सुचलं. जागा तिरकी असली तरी समांतरभुज चौकोन आहे. त्याच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या. मग मोजायच्या कशाला? साठ आणि चाळीस, दुप्पट दोनशे. इति सिद्धम्. प्रश्न भीतीचा नाही, भूमितीचा आहे.
वहिनी म्हणाली, "उसाकडं गेलाच न्हाई की." तिला प्रमेय समजावलं. "असंल बया," म्हणाली आणि शेळ्यांकडे बघत राहिली.
बाजू खरंच समांतर आहेत का, तेवढं बघायचं राहिलं. लांबून तरी वाटतात.

७ नोव्हेंबर
जाळीची ऑर्डर फोनवर दिली. पेपरला बातमी धाडली : 'बिबट्याचा वावर, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.'
उसाकडे एक चक्कर मारणार होतो. चप्पल नवी आहे. उद्या.

८ नोव्हेंबर
उद्या.

११ नोव्हेंबर
गोरख जाळी ठोकायला आला. तीन बाजू झकास. उसाकडे जाळी संपली, जागा संपेना. बैलगाडी जाईल एवढं खिंडार. बांध उसाकडे जाता जाता बाहेर फाकलाय. म्हणजे चौकोन समांतरभुज नव्हताच.
गोरख : "भाऊ, बिबट्याला दार ठिवलं व्हय?"
त्याला म्हणालो, प्रमेय बरोबर आहे, जमीन चुकली. तो हसला. वहिनी हसली नाही. शेळ्या सोडून स्वयंपाकघरात नेऊन बांधल्या. उरलेली जाळी यायला तीन-चार दिवस.
जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर
आज उसाकडची बाजू मोजली. वहिनी पुढे, एका हातात काठी, दुसऱ्यात मोठ्यांदा भजन लावलेला मोबाईल. इकडे उसाकडेनं सगळे असंच आवाज करत जातात. मी मागे. मध्येच थांबून म्हणाली, "भावजी, टेप धरा. माझा पदर न्हवं."
पंचाहत्तर फूट. पाच मिनिटांचं काम होतं.
खिंडारात गोरखनं बोरीच्या काट्या लावल्या. वर आडोसा हवा म्हणून वहिनीनं माळ्यावरून माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढला. 'निर्भीड पत्रकार', खाली हात जोडून मी. तोंड उसाकडे करून ताणून बांधला.
संध्याकाळी चहा दिला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऱ्हावा आता तिथंच. यकदा तरी उसाच्या तोंडाला हुबं ऱ्हायलात."