सातचा मिस कॉल

२ नोव्हेंबर, रविवार

गेला एकदाचा जुना फोन! हिमानीने मला पैठण गेटला नेलं आणि तो दुकानदाराच्या हवाली केला. अकरा वर्षं वापरला. बटणांवरचे आकडे पुसले गेले होते, पण मला कुठे आकडे बघावे लागत होते? दुकानदार हसून म्हणाला, "आंटी, इसको तो म्यूझियम में रखो." म्हटलं, तुम्हाला विचारलेलं नाही.

नवा घेतला तो हयातीच्या दाखल्यासाठी. बँकेची रांग आता गुडघ्यांना झेपत नाही. घरी आल्यावर फोनला चेहरा दाखवला, डोळे मिचकाव म्हणाला, मिचकावले. आला दाखला! मी हयात आहे. पेन्शन चालू राहील.

३ नोव्हेंबर

सकाळी बरोबर सातला आप्पाचा मिस कॉल. नव्या फोनवरही आला! मी लगेच एक परत दिला.

आप्पा गंगापूरला एकटा. लकवा होऊन दीड वर्ष झालं. डावा हात चालतो, वाचा मात्र गेली ती गेलीच. शेजारचा बन्सी किराणावाला लक्ष ठेवतो, त्याची बायको पारूबाई डबा देते. तेव्हापासून आम्हा भावाबहिणीचा हा नियम — सातला एक मिस कॉल म्हणजे उठलो, बरा आहे. दोन म्हणजे ये. मी एक परत दिला की कळलं. उचलायचा कोणीच नाही. नियम मीच घालून दिला.

हिमानीने फोनमध्ये सहा नंबर घातले. "आई, मामाचा?" म्हटलं, पाठ आहे. तेहेतीस वर्षं गणित शिकवलं, सख्ख्या भावाचे दहा आकडे फोनला कशाला सांगायचे? जुन्यातही नव्हते.

तेवढ्यात भामट्यांचे दोन फोन. एक म्हणे कुरिअर, दुसरा म्हणे पोलीस! हिमानीला बजावलं — हे सहा सोडून कोणाचाही फोन वाजता कामा नये. "नक्की ना आई?" नक्की. केलं तिने काहीतरी. दुपारी पुण्याला गेली.

४ नोव्हेंबर

सातला मिस कॉल नाही. साडेसातलाही नाही. झोपला असेल.

५ नोव्हेंबर

नाही.

६ नोव्हेंबर

आजही नाही. वहीतून बन्सीचा नंबर शोधला, एकेक आकडा दाबून लावला. "बाई, आप्पा बरे हायेत की! हे काय, ओट्यावर बसलेत उन्हाला." मग मिस कॉल का देत नाही, विचार त्याला. बन्सी जाऊन आला. "तुमचं नाव काढलं तर तोंडच फिरवलं बगा. लई राग दिसतोय."

तर राग!

भाऊबीजेचा. दुसरं काय असणार? ओवाळून झालं आणि मी विषय काढला — काय आहे तुझं इथं, चल माझ्याकडे. त्याने मान हलवली. पुन्हा म्हटलं, पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा हलवली तेव्हा मी म्हणाले, "मग मर इथंच." ताटातलं निरांजन अजून जळत होतं.

त्यानंतर अकरा दिवस मिस कॉल येत होता. म्हणजे अकरा दिवस विचार केला त्याने. आप्पा पहिल्यापासून असाच. उत्तर सावकाश, पण ठरलं की ठरलं.

८ नोव्हेंबर

मी आधी वाजवायचा का? नाही. आधी त्याचा, मग माझा. नियम तो नियम. आणि वाजवला अन् त्याने परत दिला नाही तर?

११ नोव्हेंबर

दिवसभर फोन गप्प. एवढी मोठी काच, आणि त्यात फक्त माझंच तोंड दिसतं. चांगलं नाही दिसत.

१३ नोव्हेंबर

सातला उठून फोनसमोर बसते. चहा निवतो. आज साडेसातला पिशवी भरली, स्टँडवर गेले. गंगापूरची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "चला मावशी, जागा आहे." उठलेच नाही. जाऊन काय करणार? त्याला बोलता येत नाही, आणि मी बोलले ते परत घेता येत नाही. गाडी गेली. पुढचीही गेली. घरी आले.

१६ नोव्हेंबर

हिमानीचा फोन. "मामा कसा आहे?" म्हटलं, त्याने मला टाकलं. "काहीतरीच काय! शेवटचा फोन कधी आला त्याचा? खाली घड्याळाचं चित्र आहे बघ, त्यावर बोट ठेव." म्हटलं, मला शिकवू नकोस. ठेवून दिला.

१८ नोव्हेंबर, दुपारी एक

ठेवलं बोट.

आप्पाचे दहा आकडे. रोज सकाळी सात. चार तारखेला एक, पाचला एक, सहाला, सातला. आठपासून दोन-दोन. स्टँडवरून परत आले त्या दिवशीही दोन. कालपर्यंत दोन.

हिमानीला विचारलं. "आई, फोनमध्ये घातले नाहीत ते नंबर वाजतच नाहीत. तूच म्हणालीस ना." हो. मीच म्हणाले.

आज सातला आप्पाचा नाही. साडेसातपासून बन्सीचा आहे. अकरा वेळा.

लावते.