गाडी म्हणते, डिक्की उघडी आहे

१२ एप्रिल, शनिवार
हैदराबादहून गाडी आणली. जुनी आहे, पण उघड्या टपाची. औरादमध्ये अशी गाडी आजवर कुणी पाहिलेली नाही. बटण दाबलं की टप उचलतो, घडी होतो आणि मागं डिक्कीत जाऊन बसतो. म्हणजे बसायला पाहिजे. सध्या डिक्कीचं लॉक अडलंय. किरकोळ काम. उद्या दुपारपर्यंत काढतो. माझी उभी हयात पंपाच्या मोटारी रिवाइंड करण्यात गेली, डिक्की काय चीज आहे.
मुलीचं, दीपमालेचं लग्न सत्तावीसला. नवरदेवाची परण्या, मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक, याच गाडीतून, टप उघडून. गाव बघत राहील.
दीपमालेनं गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाली, अप्पा, गाडी झ्याक हाय, पर दादाला कवा सांगायलाव? नवरदेवाचा कान कोण पिळणार? नवरीच्या भावानं पिळायचा असतो, हे मला ठाऊक आहे. निंबर्ग्याचा चुलतभाऊ पिळेल. कुणीही पिळला तरी कान दुखतोच.

१३ एप्रिल, रविवार
निदान सुरू केलं. डिक्की दगडासारखी बंद. ओढून ओढून नखं गेली. आणि समोरच्या पडद्यावर गाडी म्हणते, डिक्की उघडी आहे. तिला तसं वाटतं, म्हणून ती टप हलवत नाही. इतकी खोटारडी गाडी मी पाहिली नाही.
लॉक मात्र नवं आहे. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, परसोंच बदले साब. म्हणजे दोष लॉकमध्ये नाही, हे पक्कं. गुरुबाई म्हणाली, हैदराबादच्या माणसाचं परसों म्हंजे धा वर्सं बी असतेत. बायकोला इलेक्ट्रिकमधलं कळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
रिमोटचा सेल बदलला. फ्यूज बदलले. आता बटण दाबलं की डिक्कीतून गुरगुर ऐकू येते. प्रगती आहे.

१७ एप्रिल, गुरुवार
ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा तिप्पण्णा न बोलावता आला. म्हणाला, अण्णा, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई, शिवराजला फोन लावा की, तो असल्याच गाड्यावर हाय. चहा न देता पाठवला.
शिवराज माझा मुलगा. हैदराबादला मोठ्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. मला न विचारता मादन हिप्परग्याच्या मल्लेश्वरीशी लग्न लावून आला, तेव्हा मी म्हणालो, या घरात पुन्हा पाय ठेवू नको. जन्मात माझं काही ऐकलं नाही, तेवढं मात्र ऐकलं.
उद्यापासून पहाटे उठून काम करायचं. डोकं शांत असतं.

१९ एप्रिल, शनिवार
पहाटे उठणं जमलं नाही. उकाडा.
व्याही आले होते. शिवराज कधी येणार, म्हणून विचारलं. परवाच बोलणं झालं, येईल, असं सांगितलं. ते गेल्यावर गुरुबाई म्हणाली, तुमचं परवा बी हैदराबादचंच निघालं. रागानं जेवलो नाही. म्हणजे भाकरी खाल्ली, भात नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
मागचं सीट उपटून काढलं. डिक्कीकडं जाणाऱ्या वायरी सापडल्या. तपकिरी वायर शंभर टक्के गुन्हेगार. कापली. गाडी बोंबलायला लागली ती थांबेना. बाजारातली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन बघायला उभी. आवाज दबावा म्हणून वर वाकळ टाकली, शेवटी बॅटरी सोडवली. एसी तेव्हापासून बंद आहे. त्याचा आणि वायरीचा संबंध नसावा.
गुरुबाई सगळ्यांसमोर म्हणाली, कामून तारा कापायलाव? पोराला फोन लावायला हात मोडलेत का?
मोडलेले नाहीत. प्रश्न हाताचा नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
फोन केला. त्याला नाही. सर्व्हिस सेंटरच्या नंबरवर केला, जसं कुठलंही गिऱ्हाईक करतं. त्यानंच उचलला. दोन वर्षांनी आवाज ऐकला. नमस्ते सर म्हणाला, ऑफिसच्या साफ हिंदीत. मीही हिंदीत डिक्कीची तक्रार सांगितली. गाडी कधीपर्यंत पाहिजे, असं त्यानं विचारलं. रविवारी लग्नाला, म्हणालो.
त्यानं मग एकदम आपल्या बोलीत विचारलं, कुणाचं लग्न हाय?
ओळखीच्यांचं, म्हणालो.
असं का म्हणालो ते कळत नाही. तोंडात दुसरं आलंच नाही. तो पुन्हा हिंदीत गेला. उद्या-परवा जागा नाही, सोमवार को लाइए, सर.
गुरुबाईला सांगितलं, कंपनीचा फोन लागत नाही.

२७ एप्रिल, रविवार
लग्न झालं. परण्येला नवरदेव बंद टपाच्या गाडीत बसला, एसी नाही. चौकापर्यंत घामानं फेटा भिजला, तिथून उतरून चालत गेला. वाजंत्रीवाले पुढं, गाडी मागं, गाडीत मी एकटा.
कानपिळीच्या वेळी भटजींनी नवरीच्या भावाला हाक दिली. निंबर्ग्याचा पुढं झाला. दीपमालेनं त्याला हातानं थांबवलं. म्हणाली, माझा भाऊ आलेला न्हाई, ऱ्हाऊ द्या. हळूच म्हणाली, पण माइक भटजींच्या हातात होता.
निघताना माझ्या पाया पडली. डोळ्यांत पाणी होतं, माझ्याकडं मात्र पाहिलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार
हैदराबादला गेलो. केवळ गाडीसाठी. निघताना गुरुबाईनं बुंदीच्या लाडवांचा डबा सीटवर ठेवला. वाटेत शिवराजला म्हणायचं वाक्य जुळवत गेलो. जुळलं होतं.
तासाभरात काम झालं. आत एक वायर आधीच तुटलेली होती, आणि एक मी कापलेली. लॉक मूळचंच, कधी बदललेलं नाही म्हणे.
काउंटरवरच्या मुलीला शिवराजबद्दल विचारलं. सर आज सुट्टीवर आहेत, म्हणाली. काल त्यांच्या बहिणीचं लग्न होतं. आम्हाला नवल वाटलं, काल दिवसभर इथंच गाड्यांखाली होते आणि सुट्टी आज घेतली. बायकोला घेऊन बहिणीच्या सासरी गेलेत.
डबा तिच्याजवळ दिला. कुणी दिला म्हणून सांगू, असं तिनं विचारलं.
एका गिऱ्हाइकानं, म्हणालो.